मधल्या तीन फ्रेम

संगणकावरच्या खेळाच्या चार फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चार चित्रं, मिळून ३ कोटी ३० लाख पिक्सेल आणि त्यातले ग्राफिक्स कार्डाने स्वतः काढलेले जेमतेम २० लाख. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी कार्डांची नवी आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली, तेव्हा मंचावरून त्यांनी हा हिशेब मोठ्या अभिमानाने सांगितला. आपल्याकडे ७ तारखेची सकाळ होती. आकडा ऐकला आणि भाषण थांबवून मी गुणाकार करून पाहिला. ४के पडदा म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. अशा चार फ्रेमचे झाले ३ कोटी ३२ लाख. कार्ड त्यातली एकच फ्रेम काढतं, तीही १९२० गुणिले १०८० एवढीच, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार. सोळातला एक. उरलेले पंधरा पिक्सेल एआय अंदाजाने भरतं.

हिशेब बरोबर होता. त्या दिवसापासून तो डोक्यात ठाण मांडून बसलाय.

ग्राफिक्स कार्डाची नवी पिढी आली की आम्ही मंडळी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आलो: सेकंदाला किती फ्रेम? हा प्रश्न दिसतो तेवढा उथळ नाही. त्या एका आकड्यात दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. एक, चित्र डोळ्याला किती सलग दिसतं. दुसरी, हाताने माउस हलवल्यावर ते किती लवकर उत्तर देतं. साठ फ्रेम म्हणजे दर सोळा-सतरा मिलिसेकंदाला यंत्र आपल्या हाताकडे नव्याने पाहणार, एकशेवीस म्हणजे आठ मिलिसेकंदाला. आकडा वाढला की डोळा आणि हात दोघांचंही भलं व्हायचं. २०२२ च्या ४० मालिकेत दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एआयच्या अंदाजाची एक फ्रेम आली आणि ही गाठ सैल झाली. ५० मालिकेत अशा तीन आल्या आणि ती सुटली. मला हे मनापासून सलतं.

आधी कार्डाबद्दल बोलतो, कारण या मालिकेतलं सर्वांत वरचं कार्ड, आरटीएक्स ५०९०, वस्तू म्हणून विलक्षण आहे. ते उघडून दाखवणारे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले. आधीचं ४०९०, कंपनीचं स्वतःचं फाउंडर्स एडिशन, तीन स्लॉट (कार्ड बसवायच्या खाचा) जाडीचं होतं आणि कॅबिनेटमध्ये बसवलं की खाली दुसरं काही लावायला जागा उरत नसे. नवं कार्ड दोन स्लॉटांत बसतं, तेही आधीपेक्षा सव्वाशे वॅट जास्त खाऊन. हे कसं साधलं? मुख्य बोर्ड इतका आखडला की तो कार्डाच्या मध्यावर एका छोट्या चौकटीत मावतो. मदरबोर्डात घुसणारी पट्टी वेगळी, मॉनिटरच्या केबल लागतात तो भाग वेगळा, आणि हे तिन्ही तुकडे आतून जोडलेले. त्यामुळे दोन्ही टोकांना दोन पंखे आणि त्यांच्यामागे नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या. हवा एका बाजूने शिरते आणि आरपार निघून जाते, मध्ये बोर्ड आडवा येत नाही. चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या नेहमीच्या थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रव धातू आहे. ते वीजवाहक असल्यामुळे गळून बाजूला पसरलं तर कार्ड जळेल, म्हणून भोवताली कडेकोट बंदोबस्त केलाय. ज्या कुणी हे मांडलं, त्यांच्या हातात कला आहे.

चिपचं नाव ब्लॅकवेल. एनव्हिडिया आपल्या पिढ्यांना शास्त्रज्ञ-गणितज्ञांची नावं देते: फर्मी, केप्लर, मॅक्सवेल, पास्कल, ट्युरिंग, ॲम्पिअर, एडा लव्हलेस. डेव्हिड ब्लॅकवेल हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. वयाच्या बावीसाव्या वर्षी डॉक्टरेट, आणि अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य, १९६५ साली. आपल्याकडे ज्याने कुणी संख्याशास्त्रात बीएस्सी-एमएस्सी केलंय, त्याला हे नाव आणखी एका नावाला जोडूनच माहीत असतं: राव-ब्लॅकवेल प्रमेय. यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव, २०२३ मध्ये एकशेदोन वर्षांचे होऊन गेले. हाताशी ढोबळ अंदाज असेल, तर उपलब्ध माहितीतलं सगळं सार वापरून त्याच्याइतका किंवा त्याहून चांगला अंदाज कसा बांधायचा, हे ते प्रमेय सांगतं. ज्या चिपची सगळी भिस्त अंदाज बांधण्यावर आहे तिला हे नाव मिळावं, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता आकडे. ४०९० मध्ये १६,३८४ कोर, म्हणजे एकाच वेळी गणितं करणारे छोटे घटक होते, ५०९० मध्ये २१,७६० आहेत. म्हणजे ३३ टक्के जास्त. वीज ४५० वॅटवरून ५७५ वर गेली, २८ टक्के जास्त. अमेरिकेतली किंमत १,५९९ डॉलरवरून १,९९९ झाली, २५ टक्के जास्त. आणि ४के वर, अंदाजाच्या फ्रेम बाजूला ठेवून, खेळांमध्ये मिळणारा वेग? बहुतेक परीक्षणांत तो २५ ते ३५ टक्क्यांच्या आसपास निघाला. सगळं एकाच प्रमाणात वाढलंय. जास्त कोर, जास्त वीज, जास्त पैसे, आणि त्याच मापात जास्त वेग. कारण साधं आहे: दोन्ही पिढ्यांच्या चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे जवळपास एकाच प्रक्रियेवर तयार होतात. पूर्वी दर पिढीला ट्रान्झिस्टर आणखी बारीक व्हायचे, आणि तेवढ्याच जागेत, तेवढ्याच विजेत जास्त काम मिळायचं. यावेळी ती उडी नव्हती, म्हणून चिपच मोठी केली. ६०९ चौरस मिलिमीटरवरून ७५०. नवी पिढी म्हणताना आपण जे समजायचो, त्यात आणि यात फरक आहे.

या फरकाची भरपाई मधल्या फ्रेम करतात.

ही गोष्ट जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. कार्ड खेळाची एक फ्रेम काढतं, मग दुसरी काढतं. या दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या काळात काय दिसलं असतं याचा अंदाज बांधून एआय तीन फ्रेम घुसडतं. सेकंदाला साठ खऱ्या फ्रेम असतील तर पडद्यावर दोनशेचाळीस दिसतात. पण मधलं चित्र काढायचं तर दोन्ही टोकं हातात हवीत. म्हणजे दुसरी फ्रेम तयार झाली तरी ती लगेच दाखवता येत नाही. आधी मधल्या तीन जातात, मग तिची पाळी. त्या मधल्या तीन फ्रेमना तुमच्या हाताची काहीच खबर नसते. तुम्ही तेवढ्यात माउस डावीकडे झटकला, बटण दाबलं, तरी त्यांचं चित्र आधीच ठरून गेलेलं असतं.

एका मित्राच्या घरी याच मालिकेतल्या ५०७० टीआयवर हे मी बराच वेळ खेळून पाहिलं. मुद्दाम ग्राफिक्स इतके चढवले की खऱ्या फ्रेम तिशीच्या आसपास आल्या, आणि मग चौपट लावलं. कोपऱ्यातला आकडा लगेच शंभरच्या वर गेला. कॅमेरा संथ फिरवला तर चित्र खरोखर सुरेख सरकतं. पण एकदम मागे वळा. हात वळून झालेला असतो आणि दृश्य अजून निघायचं असतं. पात्राच्या खांद्याभोवती एक फिकट कडा थरथरते. तारेच्या जाळीमागून पळालात तर जाळीचे चौकोन क्षणभर एकमेकांत मिसळतात. खऱ्या फ्रेम साठ-सत्तरच्या पुढे असल्या की यातलं बरंचसं जाणवेनासं होतं, हेही तितकंच खरं. म्हणजे ज्याचं यंत्र मुळातच वेगवान, त्याला याचा उपयोग. ज्याचं अडखळतंय, त्याला आकडा मिळतो, वेग मिळत नाही.

आणि नेमकं हेच सोडून बाकी सगळं मंचावरून सांगितलं गेलं. त्या दिवशी पडद्यावर आलेली सगळ्यात मोठी घोषणा होती: ५०७०, किंमत ५४९ डॉलर, कामगिरी ४०९० ची. हे एआयशिवाय शक्य नव्हतं, असंही हुआंग म्हणाले. ५०७० मध्ये कोर ६,१४४ आणि मेमरी १२ जीबी. ४०९० मध्ये १६,३८४ आणि २४ जीबी. कार्ड मार्चमध्ये बाजारात आलं आणि परीक्षकांनी मोजलं, तेव्हा ते ४०९० च्या आसपासही नव्हतं. बरोबरी होते ती फक्त एका बाजूला मधल्या तीन फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला मधली एक फ्रेम मोजली तरच. इतके कसबी इंजिनीअर घरात असलेल्या कंपनीला अशी तुलना करायची गरज का पडावी? मला याचा राग येतो, कारण ५४९ डॉलरचं कार्ड घेणारा माणूसच असल्या वाक्यावर विश्वास ठेवतो. दोन हजार डॉलर टाकणारा सगळी परीक्षणं वाचून बसलेला असतो.

नावातल्या आकड्याने फसवणं तसं जुनंच आहे. २००२ च्या सुमाराला आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीमध्ये जीफोर्स ४ एमएक्स ४४० सर्रास असायचं. नाव जीफोर्स ४, आतलं बरंचसं तंत्र जीफोर्स २ चं. जीफोर्स ३ मध्ये आलेले प्रोग्रॅम करता येणारे पिक्सेल शेडर (पिक्सेलचा रंग-प्रकाश ठरवणारी सोय) त्यात नव्हतेच, त्यामुळे पुढे कितीतरी नवे खेळ त्यावर धड चालेनात. पण तेव्हा खोटेपणा खोक्यावरच्या नावापुरता होता. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा खरं बोलायचा.

माझं पोट ज्या कामावर चालतं, तिथे तो आजही खरंच बोलतो. मी पुण्यात बिल्डर लोकांसाठी थ्रीडी वॉकथ्रू करतो. अजून खड्डाही न खणलेल्या इमारतीच्या बाल्कनीतून संध्याकाळचं ऊन कसं दिसेल, क्लबहाउसच्या पायऱ्यांवर झाडांची सावली कशी पडेल, असलं काम. तिथे प्रकाशाचा एकेक किरण मोजावा लागतो. रेंडर, म्हणजे सीनवरून अंतिम चित्र काढायचं काम, लावायचा आणि घड्याळ पाहायचं. ५०९० तिथे ४०९० पेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त वेगवान आहे, आणि तो वेग शंभर टक्के खरा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ३२ जीबी मेमरी. मोठ्या टाउनशिपचा सीन असला, त्यात शेकडो झाडं आणि पानापानाचं टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) असलं की बारा जीबीचं कार्ड मेमरी संपल्याचा निरोप देऊन मोकळं होतं. मग झाडं कमी करा, टेक्श्चर लहान करा, सीन तोडून दोनदा रेंडर करा. ३२ जीबीत हे सगळं वाचतं. माझ्यासारख्याला हे कार्ड हवंच असतं आणि त्याबद्दल मनात किंतु नाही.

मिळणं मात्र वेगळी गोष्ट. ३० जानेवारीला विक्री सुरू झाली. अमेरिकेत मायक्रो सेंटरच्या दुकानांबाहेर लोक आधीपासून तंबू ठोकून बसले होते, आणि ऑनलाइन साठा बघता बघता संपला. भारतात कंपनीने जाहीर केलेली सुरुवातीची किंमत २ लाख १४ हजार. दुकानात चौकशी करा, तीन लाखांच्या पुढची भाषा. बरं, त्याच्याखालचं ५०८० घ्यावं, तर त्यात कोर १०,७५२. ५०९० च्या निम्म्याहूनही कमी. जाहीर किंमत १ लाख ७ हजार, तीही निम्मी. दोघांच्या मध्ये पायरीच नाही. पूर्वी सर्वांत वरच्या कार्डात आणि त्याच्या खालच्या कार्डात एवढी दरी नसायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून, घासाघीस करून, महिनाभर थांबून एक पायरी वरचं कार्ड पदरात पाडून घेता यायचं.

कार्ड मिळालं तरी ते घरात पोसायचं कसं? ५७५ वॅट म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी वीज, फक्त मिक्सर चटणीपुरता दोन मिनिटं फिरतो आणि हे संध्याकाळभर. एनव्हिडिया स्वतःच हजार वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) लावा म्हणते. घरगुती यूपीएस तर एवढा भार घेतच नाही. वीज गेली की रेंडर गेला. आणि ही सगळी वीज १२ व्होल्टवर, करंगळीएवढ्या एका कनेक्टरमधून आत जाते. गणित करा: ५७५ भागिले १२, जवळजवळ ४८ अँपिअर, सहा तारांत वाटलेले. प्रत्येकीच्या वाट्याला आठ, आणि एका पिनची क्षमता साडेनऊच्या आत. म्हणजे एखाद-दुसऱ्या पिनने अंग काढून घेतलं की बाकीच्यांवर क्षमतेबाहेर भार. फेब्रुवारीत जर्मनीतल्या डेअरबाउअर या नावाजलेल्या ओव्हरक्लॉकरने (यंत्रं ठरलेल्या वेगापलीकडे पळवणाऱ्याने) मोजलं, तर त्याच्याकडच्या एका तारेतून २० अँपिअरहून जास्त प्रवाह जात होता. ४०९० च्या वेळी कनेक्टर वितळल्याच्या बातम्या जगभर झाल्या होत्या. तरीही प्रत्येक तारेवर किती भार आहे हे पाहणारी व्यवस्था कंपनीच्या स्वतःच्या नव्या कार्डात नाही. आत इतकी सुंदर हवा खेळवणाऱ्या माणसांना दाराशी हा धोका ठेवायला कुणी लावलं असेल? दोन हजार डॉलरच्या वस्तूत ही काटकसर मला पटत नाही.

हे असं का होतं, याचं उत्तर मला कंपनीच्या ताळेबंदात दिसतं. जानेवारी २०२० ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची निम्म्याहून जास्त कमाई गेमिंगची होती. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण कमाई १३,००० कोटी डॉलरच्या वर गेली आणि त्यात गेमिंग होतं जेमतेम १,१०० कोटींच्या पुढे. नऊ टक्क्यांच्या आत. बाकी जवळजवळ सगळं डेटा सेंटरचं, म्हणजे एआय चालवणाऱ्या मोठ्या संगणककेंद्रांचं. आणि हे डेटा सेंटरचं राज्य उभं कशावर राहिलं? २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणारं जे न्यूरल नेटवर्क शिकवलं, ते दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. तीन-तीन जीबीची, कुणीही दुकानातून आणावी अशी गेमिंग कार्डं. २००६ च्या ८८०० जीटीएक्सपासून या कार्डांवर चित्रांखेरीज इतर गणितंही करता यावीत अशी सोय कंपनीने दूरदृष्टीने केली होती, आणि त्या सोयीचा खर्च वर्षानुवर्षं उचलला खेळणाऱ्या पोरांनी. दर दोन-तीन वर्षांनी पैसे साठवून नवं कार्ड घेणाऱ्यांनी. तेव्हा या गिऱ्हाइकाला उरलेला नऊ टक्के समजू नये, असं मला वाटतं.

समोर स्पर्धक असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण ग्राफिक्स कार्डांतली दुसरी कंपनी एएमडी, तिने या पिढीत सर्वांत वरच्या वर्गात उतरायचंच नाही असं ठरवलं. मार्चमध्ये आलेलं त्यांचं ९०७० एक्सटी ५९९ डॉलरचं आणि मधल्या वर्गातलं. चांगलं कार्ड आहे. पण ५०९० ला अडवणारं कुणीच नाही.

आणि तरीही त्या जानेवारीत मला निखळ आनंद देणारी एक गोष्ट घडली. मधल्या फ्रेमचं सोडा, पण लहान फ्रेम मोठी करून दाखवणारं जे तंत्र आहे, त्याचं नवं मॉडेल आलं आणि ते सगळ्या आरटीएक्स कार्डांना दिलं गेलं. अगदी २०१८ च्या २० मालिकेपर्यंत, फुकट. माझ्याकडच्या जुन्या कार्डावर ते लावलं आणि त्याच दृश्यात, त्याच जागी उभं राहून पाहिलं. लांबच्या विजेच्या तारा पूर्वी चालताना तुटक तुटक चमकायच्या, त्या आता सलग होत्या. पानांच्या कडा पसरट दिसायच्या, त्या रेखीव झाल्या. हाही अंदाजच. पण हा अंदाज कार्डाने या क्षणी, माझ्या हाताकडे पाहून काढलेल्या फ्रेमवर काम करतो. तो ज्या फ्रेमला सुधारतो, ती माझ्या हाताचं उत्तर असते. म्हणून मला एआयशी वाकडं मुळीच नाही. सोळातले पंधरा पिक्सेल अंदाजाचे असले तरी चालतील, त्यातले जे तीन माझ्या हाताला बांधलेले आहेत ते मला खऱ्याइतकेच प्रिय.

कंपनीच्या इंजिनीअरांनाही हे पुरतं ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनात त्यांनी रिफ्लेक्स २ नावाचं तंत्र जाहीर केलं. फ्रेम पडद्यावर जायच्या अगदी आधी माउस शेवटचा कुठे होता ते पाहायचं आणि चित्र तेवढं सरकवून घ्यायचं. हाताला उशिरा मिळणाऱ्या उत्तराची काळजी असल्याशिवाय असलं काही कुणी बांधत नाही.

तेव्हा पुढच्या पिढीच्या घोषणेकडून माझी एक साधी मागणी आहे. सेकंदाला किती फ्रेम हा आकडा दाखवाल, तिथेच त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, बटण दाबल्यापासून पडद्यावर फरक दिसेपर्यंत किती मिलिसेकंद गेले तेही दाखवा. हा आकडा मोजायची साधनं कंपनीकडे आहेत, तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये तो खेळता खेळता दिसतो. परीक्षकांनीही आलेखात दोन पट्ट्या काढाव्यात, आणि खऱ्या फ्रेम नि मधल्या फ्रेम एकाच रंगात रंगवू नयेत. दुकानदाराला विचारताना आपणही हेच विचारावं. मी तोवर जुन्या कार्डावर झाडं कमी करून रेंडर लावतोय आणि ३२ जीबीसाठी पैसे बाजूला टाकतोय.